सुकाणूवरची सून

होड्यांच्या वर्गाच्या शेवटच्या दिवशी सकाळीच मानसिंगला ड्यूटीवर बोलावणं आलं. तो होटगीला मालगाडीवर गार्ड होता. दुसरा गार्ड तापानं पडला म्हणून निरोप्या सायकल मारत थेट हिप्परग्याच्या तलावावर आला. तंबूतून निघताना मानसिंग बायकोला एवढंच म्हणाला, "आप्पांना संबाळ."

आप्पांना सांभाळायचं तर आप्पांशी बोलावं लागणार, आणि लग्नाला अकरा वर्षं झाली तरी वच्छला सासऱ्यांशी एक शब्द बोललेली नव्हती. त्यात भांडण काही नव्हतं. घरची रीतच तशी होती. सांगायचं ते मानसिंगच्या तोंडून, तो नसला तर आठ वर्षांच्या लेकीच्या, सोनाच्या तोंडून. आप्पा दारातून आले की ती स्वयंपाकघरात जायची, आणि ते ज्या सतरंजीवर बसत तिच्या काठालाही तिचा पाय लागत नसे.

पंचाहत्तर सालच्या दिवाळीच्या सुट्टीत नौदलातून निवृत्त झालेल्या हिंदुराव मास्तरांनी शिडाच्या होड्या शिकवायचा वर्ग काढला होता. घरच्या सगळ्यांनी मिळून शिकायचं, तलावाकाठी तंबूत राहायचं. मानसिंगच्या डोक्यात ते शिरलं आणि निघालं नाही. वच्छला सांगोल्याकडची. तिनं पाणी पाहिलं होतं ते टँकरच्या नळीतून पडणारं, नाहीतर विहिरीच्या तळाशी काळं वर्तुळ होऊन बसलेलं. आपल्या खाली पाणी आणि आपण त्याच्यावर, हे तिला आठवडाभर पटलं नाही. रात्री पडल्यावरही तंबू हलतोय असं वाटून ती उठून बसायची.

आज परीक्षा होती. प्रत्येक घरानं आपली होडी मास्तरांशिवाय न्यायची, पलीकडच्या निशाणाला वळसा घालून परत आणायची. मास्तर काठावर राहणार. आप्पांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, म्हणून सुकाणू वच्छलाकडे आलं.

"आजोबांना सांग, आईच्या पोटात दुखतंय," ती सोनाला म्हणाली.

आप्पा पटका बांधून तयारच बसले होते. "तुज्या आईला सांग, ओवा खा म्हनावं. मानसिंग न्हाय तर आपन पळून गेलो, असं लोकांनी म्हनायचं काय?"

वच्छला होडीत बसली. तरंगत्या जाकिटाचे बंद तिनं दोनदा आवळले. सोना मधे बसली. आप्पा शिडाचा दोर धरून पुढं बसले, सुनेकडे पाठ करून, तिच्या विरुद्ध कडेला. सुनेच्या शेजारी एका फळीवर ते बसणार नव्हते.

"आप्पा, वाऱ्याच्या बाजूला बसायचं! दोर हातात धरायचा, बांधायचा नाही!" काठावरून मास्तर ओरडले.

"व्हय, व्हय," आप्पा म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.

जाताना वारा मंद होता. निशाणाला वळसा घालेपर्यंत वच्छला श्वास मोजूनमापून घेत होती. परतीला तोंड वळवलं आणि पलीकडच्या माळावरून वारा सुटला. शीड फुगून ताठ झालं. आप्पांच्या हाताला रग लागली असावी. बैलाचं दावं खुंटीला बांधावं तसा त्यांनी दोर समोरच्या खुंटीला पक्का आवळला आणि हात मांडीवर पुसले.

होडी कलली. आधी थोडी, मग आणखी. आप्पांच्या बाजूची कड पाण्याला टेकली आणि पाणी सरळ आत यायला लागलं.

"आजोबांना सांग, दोर सोडा! लौकर सांग!"

सोनानं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. पोर डोळे विस्फारून आत येणाऱ्या पाण्याकडे बघत होती. वच्छलानं पुन्हा सांगितलं. पोरीचे ओठ नुसते हलले.

सोना वच्छलाच्या डोळ्यांसमोर खाली घसरत चालली होती.

"आप्पा, दोर सोडा!"

आप्पांनी मान वळवून सोनाकडे पाहिलं. हा आवाज आपल्याला उद्देशून असेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"आप्पा! तिच्याकडं काय बगताय? तुमालाच म्हनतीया! पोर बुडंल! सोडा तो दोर!"

म्हातारा दचकला. मग खुंटीवर वाकला. गाठ भिजून घट्ट झाली होती. त्यांनी ती दातांनी ओढली. दोर सुटला, शीड फडफडलं, आणि होडी झोका खाऊन सरळ झाली. आत गुडघाभर पाणी होतं.

"आता हितं या. माज्याजवळ बसा."

"तितं?"

"हितंच! परत कलली तर?"

आप्पा रांगत आले आणि सुनेच्या खांद्याला खांदा लावून बसले. काठ येईपर्यंत ती सांगत होती, "वढा. जरा सोडा. डोकं खाली," आणि ते "व्हय" म्हणून करत होते. सोना डब्यानं पाणी उपसत होती. वच्छलाची भीती एवढीशीही कमी झाली नव्हती. काठाला लागल्यावर ती झुडपामागं जाऊन ओकली.

संध्याकाळी मानसिंग परत आला तेव्हा ती चुलीपुढं डोईवर पदर ओढून बसली होती. तलावापेक्षा हे भयंकर वाटत होतं. बापावर बायको ओरडली हे कळल्यावर तो काय करील, ते तिला ठाऊक नव्हतं. आणि सोनाला आता चांगलाच कंठ फुटला होता.

"आई आजोबांवर ओरडली! लई मोठ्यांदा!"

मानसिंगचा चेहरा उतरला. त्यानं आधी बायकोकडं पाहिलं, मग बापाकडं.

आप्पा भाकरी कुस्करत होते. "वरडली न्हाय. वारा लई हुता. मोट्यानं बोलल्याबिगर ऐकू येत न्हाय तितं."

मग वच्छला टोपलं घेऊन उठली. मानसिंगकडं नाही, सोनाकडंही नाही, थेट आप्पांपुढं जाऊन उभी राहिली.

"आप्पा, भाकरी वाढू?"

आवाज जेमतेम निघाला. आप्पांनी सवयीनं सोनाकडं बघत बोटानं अर्धी अशी खूण केली. मग थांबले आणि मान वर करून म्हणाले, "अर्दीच."