एरंडेलची बोटं

आमच्या कारखान्यात मशीनचे लोखंडी बेड हाताने खरवडून सपाट करत. या कामात एरंडेलचा हात धरणारा कुणी नव्हता. तोंड कायम कडू, म्हणून हे नाव. नजरेला न दिसणारा उंचवटा त्याच्या बोटाला सापडायचा. मग खरवडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. बावीस वर्षं मी त्याच्या शेजारच्या बाकावर होतो. शिव्या खाल्ल्या, काम शिकलो.

त्याच्या बायकोने, वहिनींनी, त्याला व्हिटॅमिनच्या गोळ्या आणून दिल्या. मन ताजं राहतं, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. डबीवर लिहिलं होतं, दिवसाला एक. हा म्हणाला, "लोड जास्त, तर तेल जास्त." रोज सहा घ्यायला लागला.

वर्षभरात तो हसायला लागला. आधी बरं वाटलं. पण ते हसू चेहऱ्यावरून उतरेना. माझा बेड बिघडला तरी हसू. "चालतंय रे," म्हणाला. हे त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

एका सकाळी तो बेडवरून बोट फिरवत होता. बोटामागे लाल रेघ उमटत होती. कडेच्या धारेने बोट कापलं होतं.

"अरे, रक्त!"

त्याने हसत रेघेकडे पाहिलं. "कुणाचं?"

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी दारातच अडवलं. "भावजी, गोळ्या बंद करा म्हणू नका. तीस वर्षांनी आता कुठे माणसासारखे बोलतायत."

"वहिनी, हात जातील त्याचे."

आत तो शर्टाचं बटण लावत होता. बटण केव्हाच निसटलं होतं. बोटं नुसतीच चालत होती. वहिनी बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी डबी घेऊन त्या स्वतःच आमच्याबरोबर डॉक्टरकडे आल्या.

"यातलं बी-सिक्स अती झालं की नसा बधिर होतात," डॉक्टर म्हणाले. "आजपासून बंद. बोटं बहुतेक सुधारतील. वेळ लागेल."

"आणि हसणं?" वहिनींनी विचारलं.

"ते गोळ्यांनीच आलं, असं छातीठोक नाही सांगता येत."

सात महिने गेले. हसू तसंच होतं. बोटं सुधारतायत का विचारलं, तर "कुणाची?" म्हणायचा. एक दिवस तो आपणहून माझ्या बेडपाशी आला. अंगठा फिरवला, थांबला.

"इथे."

"लागलं बोटाला?"

"बोटाला नाही. कुणीतरी सांगितलं."

मी सपाट पट्टीला रंग लावून ती तिथे घासली. रंग उमटला. उंचवटा होता.