माध्यमाचा रकाना

मी पुण्यात आले ती वाचनालयातल्या कंत्राटी कामासाठी. कसबा पेठेतलं जुनं वाचनालय. त्यांची कार्डं नुकतीच संगणकावर चढवून झाली होती. प्रत्येक नोंदीत 'माध्यम' असा एक रकाना असतो. वस्तू छापील पुस्तक आहे, नकाशा आहे, हस्तलिखित आहे की कॅसेट, ते तिथे लिहायचं. ज्यांनी कार्डं चढवली त्यांनी सरसकट 'पुस्तक' लिहून टाकलं होतं. गुंडाळून ठेवलेला भिंतीवरचा नकाशा पुस्तक, लाल कापडात बांधलेली पोथी पुस्तक, गाण्यांच्या तबकड्याही पुस्तकच. मला एकेक वस्तू हातात घेऊन तो रकाना दुरुस्त करायचा होता.

काम पोटमाळ्यावर असायचं. ग्रंथपाल सर दिवसातून एकदा जिन्याच्या अर्ध्यावर येत आणि तिथूनच विचारत, "चाललंय ना?" मी "हो सर" म्हणे. पुष्कळदा दिवसभरात माझ्या तोंडून तेवढंच निघायचं. बिबवेवाडीला मी दोन मुलींबरोबर फ्लॅटमध्ये राहत होते. त्या आयटीतल्या, रात्रपाळीच्या. मी घरी पोचेपर्यंत त्या निघून गेलेल्या असत आणि सकाळी मी निघताना त्यांची दारं बंद असत. दूध संपलं, गॅस संपला, असं कधी फोनवर लिहून यायचं. मी 'ओके' लिहायची.

खरं सांगायचं तर बोलणं मीही टाळत होते. मी यवतमाळकडची. आमच्याकडे ळ चा य होतो. डोळ्याला डोया म्हणतात. आल्या आल्या एका दुकानात मी केयी मागितली, तर दुकानदार म्हणाला, "ती नाही ठेवत आम्ही. केळी आहेत, चालतील?" मागे उभी असलेली माणसं हसली. तेव्हापासून ळ येणारं वाक्य मी मनात एकदा घोळवून मगच बोलायची, किंवा बोलायचीच नाही.

एका दुपारी खाली आवाज चढलेले ऐकू आले. मी जिन्यातून डोकावले. काउंटरशी एक वयस्कर बाई उभ्या होत्या. एका हातात पांढरी काठी, दुसऱ्या हातात जाडजूड प्रवासवर्णन.

"मी फोन करून विचारलं होतं. आहे म्हणालात म्हणून आले. एवढ्या जवळ यायला रिक्षावाला तयार होत नाही, त्याच्याशी भांडून आले."

"आहेच की," सर म्हणाले. "तुमच्या हातात आहे."

"अहो, हे पुस्तक आहे."

"वाचनालयात आणखी काय मिळणार?"

"मला कॅसेट हवी होती. पूर्वी इथूनच नेलेली आहे. पुस्तक काय उशाला घेऊ?"

सरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी खाली येऊन संगणक पाहिला. त्याच नावाच्या दोन नोंदी होत्या, दोन्हींपुढे 'पुस्तक' लिहिलेलं. दुसरी नोंद मी वरच्या लोखंडी कपाटात शोधली. कोणी हौशी मंडळींनी पूर्वी अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून कॅसेटींवर भरून ठेवली होती. ती सगळी तिथे धूळ खात होती. हिमालयातल्या पायी प्रवासाचा संच सापडला. पोटमाळ्यावरच्या टेपवर लावून पाहिला. वाचणारे गृहस्थ शांतपणे वाचत होते. मधेच कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, ते थांबले आणि पुन्हा सुरू झाले. शेवटच्या कॅसेटला मात्र बुरशी लागली होती. नुसती खरखर.

मी खाली जाऊन तसं सांगितलं.

"म्हणजे मी हिमालय चढायचा आणि तिथेच बसायचं," बाई म्हणाल्या. "उतरायची काही सोय?"

"शेवटची प्रकरणं मी वाचून दाखवीन," मी म्हणाले. कसं म्हणाले कोण जाणे. "रविवारी मला वेळ असतो."

त्या शेजारच्याच पेठेत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत होत्या. नवरा गेलेला, मुलगा कामानिमित्त बंगळुरूला. काचबिंदूनं नजर गेली ती साठीनंतर, त्यामुळे ब्रेल काही जमलं नाही. "बोटं अडाणी राहिली," म्हणाल्या. पूर्वी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. मी त्यांना काकू म्हणू लागले.

पहिल्या रविवारी मी मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि वाचायला बसले. दोन पानं झाल्यावर काकूंनी हात वर केला.

"तुम्हाला दम लागतो का?"

"नाही."

"मग अधूनमधून अडखळता का? शब्दापाशी येता आणि उडी मारायच्या आधी थांबतात तशा थांबता."

आवाज ऐकण्यातच त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांच्यापासून काय लपवणार? मी सांगून टाकलं. केळ्यांचंही सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रात्रपाळीला नागपूरच्या लाइनवर एक ऑपरेटर असायची. कॉल नसले की आम्ही दोघी बोलत बसायचो. 'काय करून राह्यली वं?' असं विचारायची. तिच्या पोरांची आजारपणं, माझ्या सासूचा त्रास, सगळं एकमेकींना ठाऊक. मी तिला कधी पाहिली नाही."

"मग?"

"मग एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं. घरचा नंबर घ्यायचा दोघींनाही सुचलं नाही. रोज भेटणाऱ्या माणसाचा नंबर कोण घेतं?" त्यांनी पदर सारखा केला. "वाचा तुमच्या पद्धतीनं. मला सवय आहे."

मी वाचलं. 'ओढ्याकाठचा काळा खडक' ओढ्याकाठचा काया खडक झाला आणि हिमालयातला तो उतार आम्ही दोघी उतरलो.

सोमवारी मी नवी नोंद केली. माध्यम : ध्वनिमुद्रण. सरांनी विचारलं, "वाचन कुणाचं?" मी म्हटलं, "माझं." त्यांनी ते कानाला लावून ऐकलं.

"ळ कुठे गेला?"

"यवतमाळला," मी म्हणाले.

सर हसले. ते हसू शकतात हे मला तेव्हा कळलं. नोंद त्यांनी तशीच राहू दिली.

पुढे वर्षभर माझे रविवार काकूंकडे जात. मी नवी पुस्तकं वाचायची. मधे चहा, कधी थालीपीठ. त्या मला अगं-तुगं करू लागल्या. शनिवारी संध्याकाळपासूनच मला बरं वाटायला लागायचं. वाचनालयातल्या कपाटातले संच मी एकेक करून ऐकले, रकाने दुरुस्त केले. आता कुणी फोनवर विचारलं तर पुस्तक आहे की कॅसेट हे लगेच सांगता यायचं. तसं विचारणारं काकूंशिवाय कुणी नव्हतं.

मग त्यांचा मुलगा पुण्यात परत आला. त्यानं शहराच्या कडेला, मांजरी गावात नव्या इमारतीत फ्लॅट घेतला आणि काकूंना तिकडे नेलं. ते योग्यच होतं. मुलगा-सून चांगली आहेत. मी ध्वनिमुद्रणं मोबाइलवर पाठवत राहिले. काही दिवसांनी सुनेचा निरोप आला, की आईंना हल्ली ऐकूही कमी येतं, कानाचं मशीन लावलं तर डोकं दुखतं म्हणतात. आता नाही पाठवलंत तरी चालेल.

मी एका रविवारी भेटायला गेले. काकू खिडकीशी बसल्या होत्या. माझा हात हातात घेऊन त्यांनी तो चाचपला.

"यवतमाळ का?" त्यांनी विचारलं.

मी होकारासाठी त्यांचा हात दाबला.

"खाली काय दिसतं गं? ही मंडळी बाल्कनीत जातात, छान छान म्हणतात आणि आत येतात."

"ऊस हाये, काकू," मी म्हणाले.

"काय?"

"ऊस! लय दूरवर ऊस! मधात एक कायी वाट हाये, तिच्यावर बैलगाडी!"

स्वयंपाकघरातून सून बाहेर आली आणि दारात थांबली. मी ओरडून सांगत राहिले. उसाच्या पलीकडे अर्धवट बांधलेल्या इमारती, त्यांवरच्या हिरव्या जाळ्या, बांधावरची बाभूळ, बगळे. काकू मान हलवत होत्या. किती ऐकू येत होतं कोण जाणे. बगळ्यांना मी बगये म्हटलं तेव्हा मात्र त्यांच्या तोंडावर हसू आलं. मग त्यांना खुर्चीतच झोप लागली. चहा घेऊन मी निघाले.

थांब्यावर कुणी नव्हतं. घसा बसला होता. बाजूनं उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, रस्त्यावर कांडी पडत होती. एक कांडं मी उचललं, पुसलं आणि बस येईपर्यंत सोलून खात उभी राहिले.