पाटावर न बसलेली भाची

ते प्रकरण मी अजून विसरू शकलेलो नाही. आठवलं की पहिला राग मला माझाच येतो, त्या जोडप्याचा नंतर.

मी तेव्हा नागपुरातल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. बेसा भागातल्या एका सोसायटीत दहा-अकरा वर्षांची मुलगी घरकामाला ठेवली आहे, असा निनावी फोन आला. डायरीत नोंद करून मी स्वतः गेलो. गणवेशात, हवालदाराला घेऊन, सरकारी जीपमधून. घरमालक व्यापारी, बोलायला गोड. म्हणाला, "साहेब, भाची आहे माझी. गावाकडं शाळा बरोबर नाही, म्हणून आणलं तिले इकडं."

मुलगी बाहेर आली. सगळ्यांसमोर मी तिला विचारलं, "हे कोण तुझे?" तिने फरशीकडे बघत "मामा" म्हटलं. तिनेच आणून दिलेला चहा मी प्यालो, आणि ठाण्यात परतून स्टेशन डायरीत लिहिलं, "तथ्य आढळून आले नाही." खाली सही ठोकली.

मालकासमोर विचारल्यावर लेकरू दुसरं काय सांगणार? हे नव्या शिपायालाही कळतं. मला त्या दिवशी कळलं नाही, कारण सोफा मऊ होता आणि समोरचा माणूस हात जोडून बोलत होता. झोपडपट्टीतल्या माणसाने हेच सांगितलं असतं, तर मी त्याला दहा प्रश्न विचारले असते.

पुढे नवरात्र आलं. अष्टमीला आमच्या नागपुरात पुष्कळ घरी कन्याभोजन असतं. नऊ कुमारिकांना पाटावर बसवायचं, त्यांचे पाय धुवायचे आणि जेवू घालायचं. दुसऱ्या दिवशी त्याच सोसायटीतल्या एक बाई आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन ठाण्यात आल्या. "साहेब, तुम्ही मागे चौकशीले आले होते ना, त्याच घरी काल ही जेवायले गेली होती. काय म्हणते ते ऐका एकदा."

मुलगी धीट होती. म्हणाली, "आम्ही आठच जणी होतो. मग काकू आमच्या घरी आल्या अन् माझ्या लहान बहिणीले झोपेतून उचलून नेलं. ती दोन वर्षांची आहे. लय रडली."

"मग?"

"मी म्हटलं, या ताईले बसवा ना, ती पण मुलगीच आहे. तर काकू म्हणे, तिले काम आहे. ताई पाणी टाकून राहिली होती अन् काकू आमचे पाय धुऊन राहिल्या होत्या. ताईच्या हातावर मोठे मोठे फोड आहेत."

मी खुर्चीत सरळ झालो. आमच्याकडे कित्येक घरांत भाचीला केवढा मान! मामा तिच्या पाया पडतो, तिला आपल्या पाया पडू देत नाही. घरात भाची असताना नववी कन्या शोधत कोण फिरतं?

या वेळी मी गणवेश घातला नाही. सोबत महिला उपनिरीक्षक, सरकारी कामगार अधिकारी आणि दोन पंच घेतले. महिला उपनिरीक्षक मुलीला आतल्या खोलीत घेऊन बसल्या. नवरा-बायकोला मी हॉलमध्ये बसवलं. चहाचं विचारलं, मी नको म्हटलं.

"भाचीच्या पाया पडता ना तुम्ही?"

"पडतो ना साहेब! आमच्या घरात भाची म्हणजे देवी."

"मग अष्टमीला पहिला पाट हिचाच असेल."

तो बायकोकडे बघायला लागला. "ते काय आहे साहेब, मानलेली बहीण आहे एक, तिची ही..."

"मानलेली का असेना, मुलगी तर आहे. शेजारचं झोपलेलं लेकरू काहून उचलून आणलं मग?"

बायको भडकली. "अहो साहेब, कामवालीले पाटावर बसवून तिचे पाय धुऊ का मी?"

नवऱ्याने कपाळाला हात लावला. कामगार अधिकाऱ्यांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत कितीतरी कबुल्या ऐकल्या, पण एवढ्या तोऱ्यात दिलेली हीच एक.

आत मुलीने सगळं सांगितलं होतं. पहाटे पाचला उठणं, भांडी, फरशी, पोळ्या. हातावरचे फोड तव्याचे होते. शाळेच्या दाखल्यावरून वय अकरा निघालं. चौथीतून तिला उचलून आणलं होतं. सावनेरकडच्या गावातून तिची आई आली, ती मजुरी करणारी बाई. म्हणाली, "शहरातल्या शाळेत टाकतो म्हणे जी. मी त्याईले देवमाणूस समजली." आणि पदर तोंडावर घेऊन रडायला लागली.

गुन्हा दाखल झाला. मुलीची वैद्यकीय तपासणी होऊन ती बाल कल्याण समितीपुढे गेली आणि पुढे वसतिगृहात राहून शाळेत जाऊ लागली. पण सोसायटीतले चार प्रतिष्ठित लोक ठाण्यात आले, ते कशासाठी? "चांगली माणसं आहेत साहेब. घरच्यासारखी ठेवली होती तिले." हा शब्द ऐकला की आजही माझं डोकं फिरतं. त्या जोडप्याची स्वतःची मुलं सकाळी स्कूलबसने जात होती. ही त्यांचे डबे भरत होती. कायदा आहे, अधिकारी आहेत, हेल्पलाइन आहे, आणि तरी हे सगळे लोक रोज लिफ्टमध्ये तिला बघत होते. नाव न सांगता फोन करणारं कोणी सोडलं, तर एका आठ वर्षांच्या पोरीलाच तेवढं ते खटकलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. लेकराला मालकासमोर विचारू नये, गणवेशात विचारू नये, घरात कोण बसलंय आणि कोण उभं आहे ते आधी बघावं. हे सगळं मी पुढे नव्या पोरांना सांगत आलो. खरं शिकवलं ते मात्र त्या अकरा वर्षांच्या मुलीने.

तिला समितीकडे नेताना गाडीत ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मी साध्या कपड्यांत होतो, तरी तिने ओळखलं. हळूच म्हणाली, "तुमी तं अगोदर पण आले होते ना? चहा पिऊन गेले होते."

स्टेशन डायरीत खाडाखोड चालत नाही. तथ्य आढळून आले नाही, हे माझ्या अक्षरात, माझ्या सहीनिशी, तिथे तसंच आहे.