तीस फुटी सूर्य आणि हातातली पृथ्वी: मिरजगाव ते रुईछत्तीशी

"बाळूच्या विहिरीचा व्यास किती असेल रे?" ताईने फोनवर विचारलं. कसा आहेस नाही, जेवलास का नाही, थेट विहीर.

माझी ताई नगरला राहते. सगळी हयात तिने शाळेत भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर डोळ्यांच्या पडद्याचा आजार वाढत गेला आणि आता तिला उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. डॉक्टरांनी दिलेली पांढरी काठी तिने कपाटात टाकून दिली होती. नगरात पावलोपावली तिचे विद्यार्थी. त्यांच्यासमोर काठी टेकत जायचं नाही, म्हणून ती बाहेरच पडेनाशी झाली होती. त्यामुळे "तिकडे जायचंय मला" हे तिचं पुढचं वाक्य ऐकून मी खुर्चीतून उठलो.

बाळूदादा आमचा मामेभाऊ. मिरजगावजवळ त्याची डाळिंबाची बाग आहे. त्याला विचारलं, तर विहीर तीस फूट निघाली.

"मग जमलं," ताई म्हणाली. "विहीर म्हणजे सूर्य. त्या मापाने पृथ्वी एक किलोमीटरवर येते. सगळे ग्रह तिथून नगरकडे येणाऱ्या रस्त्यावर बसतात, मी तोंडी हिशेब केलाय. कोटी कोटी किलोमीटर मी आयुष्यभर फळ्यावर लिहिले, पण मला स्वतःला ते एकदाही कळले नाहीत. आता चालून तरी बघू दे."

जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे पुण्याहून निघालो. शिरूर सोडल्यावर गर्दी विरळ होते, सुप्याला चहा घ्यावा आणि सरळ नगर गाठावं. ताई फाटकातच उभी होती, डोक्याला रुमाल बांधून. हातात पिशवी, आणि पिशवीत घडी घातलेली काठी. मी गाडीचं दार उघडलं.

नगरहून सोलापूर रस्त्याने मिरजगाव तास-सव्वा तासाचं. रस्ता आता रुंद आणि चांगला आहे, पण वाटेत खाण्याची ठिकाणं बेताचीच, त्यामुळे मिसळ नगरमध्येच उरकून घ्या. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. ताईने काच खाली केली आणि म्हणाली, "हुरड्याला आलीय." वासावरून ओळखलं तिने.

मंगलवहिनींनी, म्हणजे बाळूदादाच्या बायकोने, हुरडा भाजूनच ठेवला होता. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही. तो खाता खाता ताईने आपली यादी सांगितली: आवळा, मोसंबं, डाळिंब, बोर, लिंबू आणि दोन डांगरं, म्हणजे लाल भोपळे.

"पूजा घालायची का काय?" बाळूदादा म्हणाला.

"सूर्यमाला मांडायचीय. तुझी विहीर सूर्य."

तो विहिरीकडे बघतच राहिला. "आगं ताई, उन्हाळ्यात तिचा तळ दिसतो. असला सूर्य चालंल का?"

एक अडचण होती. ताईला विहीर दिसणार नव्हती, मग सूर्यापासून आपण किती लांब आलो हे तिला कळणार कसं? तोडगा बाळूदादानेच काढला. विहिरीवर एक जुनं डिझेल इंजिन पडून होतं. त्याने हँडल मारलं आणि ते फटफट करत सुरू झालं. "घे. सूर्य बोलाया लागला."

विहिरीपासून हायवेपर्यंत पाणंदीचा कच्चा रस्ता जातो, साधारण किलोमीटरभर. म्हणजे पृथ्वी बरोबर फाट्यावर. ताईने पिशवीतून काठी काढली, झटका देऊन सरळ केली आणि म्हणाली, "माझ्या शेजारी चाला. हात कुणी धरायचा नाही."

निघालो. मी गाडीचा किलोमीटर काटा आधीच बघून ठेवला होता आणि ग्रहांच्या जागी दगड मांडले होते. पहिल्या दगडापाशी ताईच्या हातात आवळा ठेवला.

"बुध," ती म्हणाली. "एवढासा?" तिने तो बोटांमध्ये फिरवला, मागे वळून इंजिनाचा आवाज ऐकला. तीस फुटांची विहीर तिला लहानपणापासून माहीत होती. तिच्या काठावर बसून आम्ही पाय सोडायचो. ती विहीर आणि हा आवळा, आणि मध्ये निव्वळ माळ.

शुक्राला मोसंबं. वहिनींना ते पटेना. "सकाळच्याला आंगनातनं दिसती ती चांदनी, ती ही व्हय?"

"हीच."

"मंग लई लांबून चमकती म्हनायची."

शुक्राच्या पुढे चाकोरीत खड्डा होता. ताईची काठी त्यात गेली, पाय मुरगळला आणि ती गुडघ्यावर बसली. मी धावत जाऊन तिचा दंड पकडला.

"सोड," ती म्हणाली.

"ताई, गाडी आणतो. बाकीचं गाडीतून करू."

"मी पडले, मीच उठते. सोड म्हणते ना!" शाळेतला आवाज. मी सोडलं. तिने हाताने खड्ड्याची कड चाचपली, काठी शोधली, उठली, साडीची माती झटकली. मग थोडा वेळ तशीच उभी राहिली. मला वाटलं रडतेय. पण ती कान देऊन ऐकत होती. "अजून येतोय आवाज. चला."

त्यानंतर ती जरा लंगडत, पण आधीपेक्षा भरभर चालली. मी मागे राहिलो.

फाट्यावर पोचलो तेव्हा ती घामाघूम झाली होती. मी डाळिंब तिच्या हातात दिलं. वहिनी अडीच मीटरवर बोर घेऊन उभ्या राहिल्या, तो चंद्र. ताई डाळिंबापासून बोरापर्यंत चालत गेली आणि परत आली.

"माणूस आजवर इतकंच गेलाय," ती म्हणाली. "इथून तिथं."

हायवेवरून एक ट्रक गेला, मागोमाग दुसरा. ते गेल्यावर तिने बोट ओठांवर ठेवलं. फार बारीक, पण होता. फटफट, फटफट. किलोमीटरभर लांब असलेला सूर्य ती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, जे मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

पुढचा प्रवास गाडीने. (हे करून बघणार असाल तर हायवेवर पायी जाऊ नका, आणि टोपी-पाणी विसरू नका.) मी परत जाऊन ती फाट्यावर आणली, बाळूदादाही इंजिन बंद करून तीत बसला. त्यांना दोघांना नगरला खरेदी करायचीच होती. फाट्यापासून अर्ध्या किलोमीटरवर मंगळ, तिथे लिंबू दिलं. मग बराच वेळ काहीच नाही. विहिरीपासून पाच किलोमीटरच्या आसपास एक चहाची टपरी आली आणि टपरीबाहेर तीन फूट उंचीचं पाण्याचं पिंप. ताईने त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. "गुरू! अकरा डाळिंबं एकावर एक मावतात यात."

टपरीवाल्या काकांनी चहा गाळता गाळता बजावलं, "पिंप इकायचं न्हाई बरं का."

बाळूदादाने त्यांना सगळं समजावलं. चक्क बरोबर समजावलं. काका म्हणाले, "मंग आपलं हॉटेल गुरूवर हाय म्हना की!" आणि चहाचे पैसे घेईनात.

शनीला पंक्चरवाल्याच्या दारातला ट्रॅक्टरचा पुढचा टायर मिळाला. घोगरगावच्या आसपास पहिलं डांगर, युरेनस. तिथून पुढे इतका वेळ काहीच आलं नाही, की वहिनी मांडीवरच्या नेपच्यूनसकट पेंगल्या. रुईछत्तीशीपाशी काट्यावर तीस किलोमीटर झाले आणि मी गाडी बाजूला घेतली. नांगरलेलं रान, वारा, लांब एक मेंढरांचा कळप.

वहिनींनी डांगर धरून विचारलं, "आन याच्याफुडं?"

"पुढचा तारा," ताई म्हणाली. "आपल्या विहिरीसारखीच दुसरी विहीर."

"कुटं, नगरात?"

"नाही. याच मापाने जायचं तर खऱ्या चंद्राकडे निघायचं. दोन तृतीयांश वाट संपली की ती विहीर."

वहिनी वर बघत राहिल्या. दुपारी चंद्र नव्हता, पण त्या बघत होत्या. "आन मधी?"

"जवळजवळ काही नाही."

मी गाडीचं दार धरून उभा राहिलो. तेवढ्यात ताईने हात पुढे केला. "पृथ्वी द्या बरं माझी."

बाळूदादा खाकरला. "ताई, मगाशी भूक लागल्ती. मी फोडली ती." आणि दाण्यांनी भरलेली ओंजळ पुढे केली. "गोड निगाली पर."

ताई हसता हसता गाडीच्या बॉनेटवर टेकली. आम्ही चौघांनी सूर्यमालेच्या टोकाला उभं राहून पृथ्वी खाल्ली.

पुण्यात परतल्यावर बायकोने विचारलं, काय बघितलंत? मी म्हणालो, बहुतेक मोकळी जागाच. ती फार भीतीदायक नाही, कारण तिच्यात अधूनमधून माणसं भेटतात, हे मी माझ्यापुरतं घेऊन आलो. ताईने नेमकं काय घेतलं ते मला ठाऊक नाही. पण हल्ली संध्याकाळी फोन केला तर तिची सून सांगते, "आई बाहेर गेल्यात."

परवा वहिनींचा फोन आला. बाळूदादा आता नगरहून परतताना त्यांना कळवतो, "गुरूपाशी आलोय." सगळी वस्ती तसंच म्हणायला लागलीय.

ताईला हे सांगितलं. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "गुरू म्हणजे अजून पाच किलोमीटर. मंगलला सांग, भाकरी टाकायला हरकत नाही."