बोर्डावर शिंपडलेलं पाणी

आमच्या गल्लीत कुणाच्या घरातले दिवे गेले की अजून मलाच हाक येते. नातवंडं हसतात, म्हणतात, आजी निघाली मोहिमेवर. हसू देत बापडी. मी पायात चपला घालते, हात कोरडे पुसते, लाकडी पाट मागून घेते आणि त्यावर उभी राहून आधी मेन स्विच खाली ओढते. मग फ्यूजची जळलेली तार काढून नवी घालते, आणि ती बारीकच घालते. "आजी, जरा जाड घाला की, परत उडायला नको," असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या अंगावरच जाते. हे सगळं कुठे शिकलात, असं विचारलं की मात्र मी आजवर विषय बदलत आले.

लग्न होऊन मी खोपोलीला आले ती दुसऱ्या महायुद्धाच्या तीन-चार वर्षं आधी. आमचे हे वीजघराच्या कचेरीत कारकून होते, म्हणून चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांत वीज होती. तिकडे खालापुरापर्यंत घराघरांत रॉकेलच्या चिमण्या, आणि आमच्याकडे खटका दाबला की उजेड. सासूबाई रोज तिन्हीसांजेला त्या दिव्याला हात जोडायच्या. पुतण्यांना धाडलेल्या पत्रांतसुद्धा त्यांनी आमच्या विजेची ख्याती लिहवून घेतली होती.

चाळीचे वायरमन घाटाच्या उतारावरच्या ठाकूरवाडीतले, आदिवासी ठाकर होते. वीजघराचे मोठाले पाण्याचे नळ डोंगरावर चढवायला मजूर म्हणून आले आणि बघून बघून तारांचं काम शिकले. त्यांच्या वाडीतून पगारावर लागलेले ते पहिलेच. खाकी सदऱ्यावर पितळी बिल्ला लावायचे आणि कामाला हात घालण्याआधी तो बाहीनं पुसायचे. आज मी त्यांना 'ते' म्हणते आहे. तेव्हा आमच्या घरात त्यांना कुणी अहो-जाहो केलं नाही, मीही नाही.

आमचा बोर्ड नेमका स्वैपाकघराच्या दाराशी होता. वायरमन काम करून गेले की सासूबाई आतून म्हणायच्या, "हात लावून गेला ना मेला? शिंपड गं." मग मी तांब्यातल्या पाण्यात गोमूत्राचे थेंब टाकून तुळशीच्या पानानं त्या लाकडी बोर्डावर, चिनीमातीच्या फ्यूजवर पाणी शिंपडायची. संध्याकाळी दिवा लावला की थोड्या वेळात फट् होऊन अंधार व्हायचा. दुसऱ्या दिवशी वायरमन परत यायचे, परत हात लावायचे, परत मी शिंपडायची.

मला ते काम बघायला आवडायचं. मी दारात उभी आहे असं पाहून ते बोलत बोलत काम करायचे. "बाय, आदी खटका खाली. मंग हात कोरडं. मंग फळीवर उबं ऱ्हायाचं. आन् तार बारीकच. ती जळते म्हनून मानूस जळत नाय." पाणी आणि वीज यांचं वैर त्यांनीच मला सांगितलं. ते ऐकून मला आमचा तांब्या आठवला. मी सासूबाईंना भीत भीत म्हणाले, "आपल्या पाण्यानं तर दिवा जात नसेल?"

"देवाच्या पाण्यानं कधी काही बिघडलंय का?" त्या म्हणाल्या. "त्याच्या हाताला गुणच नाही."

एका रविवारी, सुट्टीच्या दिवशी, वायरमन आमच्या छपरावर चढले. बोर्डाला ओल येते म्हणजे कौलं गळत असणार, असं त्यांना वाटलं. बाहेर पाऊस चालू होता. त्यांनी दोन तास कौलं उचलून परत बसवली आणि नखशिखांत भिजून खाली आले. एकही कौल फुटलेलं सापडलं नव्हतं. तसेच ओसरीच्या पायरीशी थांबून त्यांनी मला हळूच विचारलं, "बाय, मी गेल्यावर इथं कुनी पानी लावतं का? लावत आसंल तर सांगा. मी राग नाय माननार. आमाला सवय हाय त्येची. पर वला हात कदी बोर्डाला लागला तर तुमच्यातलं कुनी मरंल."

आत सासूबाईंच्या बांगड्या वाजल्या. मी म्हणाले, "नाही. कुणी नाही लावत."

"मंग नाय लावत," ते म्हणाले. माझ्यावर त्यांनी विश्वास ठेवला.

त्या आठवड्यात दिवा आणखी दोनदा गेला. आमच्या ह्यांचं अक्षर मोत्यासारखं. त्याच अक्षरात ह्यांनी तक्रारवहीत लिहिलं की वायरमनला काम येत नाही. चाळीतल्या आणखी दोन सोवळ्याच्या घरांनी खाली सह्या केल्या. ती घरं त्यांच्या बोर्डांवर काय शिंपडत होती ते मला विचारावं लागलं नाही. ह्यांनी वही उशाशी ठेवली होती. एक शब्द बोलायला मला अख्खी संध्याकाळ मिळाली, आणि मी भाजी निवडत बसले.

वायरमनना कामावरून काढलं. नवा आला तो आमच्यातला, जानवं घालणारा. सासूबाईंनी त्याला चहा दिला. त्यानं फ्यूजची तार बदलली, आणि शिंपडायचं काही कारणच उरलं नाही. मग दिवा गेलाच नाही. "बघितलंस?" सासूबाई म्हणाल्या. सगळ्या चाळीनं बघितलं.

पाच-सहा महिन्यांनी खोपोलीच्या बाजारात ते दिसले. समोर लाकडाची मोळी घेऊन बसले होते. सदरा तोच होता, बिल्ल्याच्या जागी दोन भोकं होती. मी वाट बदलणार तोच त्यांनी हाक मारली.

"बाय, दिवा जातो का अजून?"

मी नाही म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं झालं. मला वाटायचं, माजं काम बरोबर हाय. पर चूक माजीच व्हती."

भर बाजारात मी उभी होते आणि सासूबाई जवळपास नव्हत्या. तरी मी वायरमनना पाण्याचं काही सांगितलं नाही. जळणाची मोळी तेवढी घेतली आणि घरी आले.