वैरागचं स्थळ आणि माझं रडं

आधी हातातला चहा संपवा. मागं हा किस्सा ऐकताना एकाला असा ठसका लागला, की माझा धुतलेला सदरा गेला. एका सिनेमापायी माझं लग्न मोडता मोडता कसं राहिलं, ते सांगतो.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी सोलापुरात गिरणीत कारकून. स्थळ आलं वैरागचं. मुलगी मला बघताक्षणी आवडली. पण तिचे वडील, तात्या, जुने पैलवान. त्यांनी माझ्या अक्काला बजावलेलं, की गडी कणखर पाहिजे. आणि मी कसा? पडद्यावर कुणी बैल विकला तरी माझा रुमाल भिजतो!

पाहुणे शहरात आले की सिनेमा दाखवायचाच, ही आपली रीत. तात्यांनी नेमका आई मरते तोच सिनेमा निवडला. अक्का म्हणाली, "रडलास तर लग्न विसर." मी निर्धास्त. सिनेमा पाठ होता की. आई मरते इंटरव्हलनंतर. तेवढा वेळ सोडा प्यायला बाहेर थांबायचं, बास.

पण त्या काळी एकच सिनेमा दोन थेटरांत चालायचा. तिकडं दाखवून झालेली रिळं सायकलवरून इकडं यायची. त्या दिवशी कुणी घोळ घातला देव जाणे, इंटरव्हलच्या आधीच आईनं डोळे मिटले! मी बेसावध. धारा लागल्या.

पुढचं रीळ लागलं, तर तीच आई चुलीपुढं बसून भाकरी थापतेय. थेटरात शिट्ट्याच शिट्ट्या. तात्या पोट धरून हसतायत, पुढच्या रांगेत अक्काशेजारी मुलगी पदर तोंडाला लावून हसतेय. आणि मला? मला जास्तच भरून आलं. बिचारी लेकरासाठी भाकरी करतेय, आणि तिला ठाऊकच नाही की ती मेलीय! मी हमसून हमसून रडायला लागलो.

तात्यांनी वळून बघितलं. "अवो, ती उटली की. आता का रडताय?"

मी भिजलेला रुमाल पिळला आणि परत डोळ्यांना लावला.

संपलं सगळं, असं मी धरून चाललो. पण मुलीनंच वडलांना सांगितलं म्हणे, करीन तर ह्यांच्याशीच, हा माणूस माझ्यावर कधी हात उगारायचा नाही. तात्यांचं तिच्यापुढं काही चालायचं नाही.

लग्न झालं. पाठवणीला सगळा मांडव हिच्याकडं बघतोय, आता रडेल, मग रडेल. हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. हुंदका फुटला तो मला. सासूबाईंचा चेहरा बघवेना हो!

तात्या पुढं आले, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि भर मांडवात म्हणाले, "रडू नका, जावईबापू. आमची पोरगी लई चांगली हाय. नीट सांबाळील तुमाला."