दुर्बीण चालेल, पण बंदूक बाहेरच ठेवा!

थँक्सगिव्हिंगच्या लाँग वीकएंडला आमच्या ईडन प्रेरी गावातली निम्मी मराठी मंडळी पहाटेपासून सेलसाठी दुकानांच्या रांगेत असतात. मीही त्यातलाच. पण २००७ साली ऑफिसातल्या डेलने विचारलं, "बाबांबरोबर हरणाच्या शिकारीला जातोय, ठासणीच्या बंदुकीने. येतोस?" त्याचं बोलणं संपायच्या आत मी हो म्हणून मोकळा झालो!

नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गजाने गोळी ठासायची आणि बार एकच, चुकला की हरीण गेलं. असली बंदूक मी फक्त शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात पाहिली होती.

"अरे यार, तू साधं झुरळ मारत नाहीस!" अदिती, माझी बायको, म्हणाली.

"मी फक्त बघणार आहे गं."

शुक्रवारी सकाळी निघालो. बेमिजी गावाच्या अलीकडचं जंगल, चार तासांचा ड्राइव्ह, रस्ता सुरेख. वाटेत ब्रेनर्डला थांबून वाइल्ड राइसचं सूप प्या, चुकवू नका. आणि भडक केशरी जॅकेट आधीच घेऊन ठेवा, मला वीस डॉलरला मिळालं. जंगलात माणूस हरणासारखा दिसून चालत नाही!

वाटेत डेल तावातावाने बोलत होता. ठासणीच्या मोसमात बंदुकीला दुर्बीण लावायला बंदी होती आणि त्याच्या वडिलांना, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वॉल्टरना, आता लांबचं धूसर दिसायचं. "नव्या बनावटीची बंदूक चालते, नवी दारू चालते. मग दुर्बिणीनेच काय घोडं मारलंय?" मला हे शंभर टक्के पटलं. मी तिथेच लॅपटॉप काढून वन्यजीव खात्याला पत्र लिहिलं आणि ब्रेनर्डला छापूनही घेतलं. राहिली फक्त वॉल्टरची सही.

लाकडी केबिनमध्ये शिरताच उबेमुळे माझा चष्मा धुक्याने भरला. आधीच येऊन बसलेल्या वॉल्टरनी पत्र वाचलं आणि सही न करताच परत केलं. "लांबूनच मारायचं तर साधी रायफल काय वाईट? या मोसमात गोळी एकच, म्हणून जवळ जायचं असतं. मला दिसतं."

शनिवारी दिवसभर बर्फात बसलो, हरीण काही आलं नाही. संध्याकाळी वॉल्टरनी बंदुकीची टोपी, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी कॅप, काढून घेतली आणि भरलेली बंदूक बाहेरच्या गार पडवीत बुटांशेजारी टेकवली. दसऱ्याला ज्याची पूजा करायची ते शस्त्र बुटांशेजारी! मला काही ते बघवेना. वॉल्टर खुर्चीत पेंगत होते, डेल लाकडं आणायला गेला होता. मी बंदूक उचलून आत शेगडीपाशी ठेवली, नळी फडक्याने पुसली, मनातल्या मनात नमस्कारही केला. डेलची चाहूल लागली तशी गुपचूप परत ठेवून दिली.

रविवारी सकाळी हरीण आलं! चाळीस पावलांवर! वॉल्टरनी चाप ओढला. टक्. बस, एवढंच. हरीण पसार.

वॉल्टरनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "दारू नीट ठासली गेली नाही माझ्याकडून. डोळे जाताहेत, आता हातही गेले. डेल, पुढच्या वर्षीपासून ही बंदूक तुझी."

"गार बंदूक उबेत नेली की आत दव धरतं, दारू भिजते," डेल मला हळूच म्हणाला. "पण ती तर रात्रभर पडवीतच होती." मला केबिनमध्ये शिरताना धुक्याने भरलेला माझा चष्मा आठवला.

जेवायला बसलो. शेवटी सगळं सांगून टाकलं. वॉल्टर उठून उभे राहिले. "भरलेल्या बंदुकीला हात लावलास? न विचारता? जीव गेला असता कुणाचा!" मी माफी मागितली, चूक माझीच होती. मग ते एकदम थांबले. "म्हणजे... मी नीट भरली होती?"

"हो. अगदी नीट."

त्यांनी टेबलावर अशी मूठ आपटली की माझ्या चिवड्याचा डबा उडाला. "डेल! बंदूक माझीच!"

दुपारी त्यांनी बंदूक साफ करून नव्याने भरली. ऊन कलताना तीस पावलांवर दुसरं हरीण आलं. धडाम! पांढऱ्या धुराचा केवढा लोट! धूर विरला तेव्हा हरीण उड्या मारत चाललं होतं आणि शेजारच्या बर्चच्या झाडाच्या खोडात गोळी रुतली होती.

"वाजली!" वॉल्टर पोरासारखे हसले. मग खोडाजवळ जाऊन त्या भोकावर बोट ठेवून उभे राहिले. "हरीण दिसलं मला. नेम कुठे धरलाय ते नाही दिसलं. सकाळची चूक तुझी होती, ही मात्र माझी." आणि परत फिरताना म्हणाले, "ते पत्र काढ."

सोमवारी रात्रीच्या जेवणाला घरी पोचलो. अदितीने विचारलं, "काय मारलंत?" म्हटलं, एक झाड. मग तिला सगळं सांगितलं. जाताना मला वाटायचं की नियम करणाऱ्यांना तंत्रज्ञान कळत नाही. आता वाटतं, जवळ जायला लावणारा नियम काही वेडा नाही, आणि धूसर दिसणाऱ्याला दुर्बीण नाकारणंही बरं नाही. दोन्ही एकदम कसं जमवायचं, मला अजून सांगता येत नाही.

वॉल्टरना जमलं होतं. मंगळवारी त्यांच्या सहीचं पत्र टपालात टाकलं. सहीच्या वर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: "दुर्बीण द्या. गोळी एकच राहू द्या."